पुराच्या बोटीची मोटर : पेट्रोलचे बिघाड आणि त्यांची दुरुस्ती

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनपासून लेथपर्यंत कोणतेही यंत्र खोलून पुन्हा चालते करून देणारा कारागीर मिळतो. आमच्या समाजातील कितीतरी फिटर, टर्नर आणि मोटरसायकल मिस्त्री याच गल्ल्यांत उस्तादांच्या हाताखाली तयार झाले. पण एका यंत्राकडे यातील फारच थोड्यांनी लक्ष दिले आहे. ते यंत्र म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची लहान मोटर. बाजारात तिला आउटबोर्ड मोटर म्हणतात, आपत्ती व्यवस्थापनाची माणसे तिला नुसते ‘ओबीएम’ म्हणतात. समुद्र घाटाखाली, मग कोल्हापुरात या मोटरीचे काय काम, असे २००५ पूर्वी कोणी विचारले असते तर ते चालून गेले असते. आता तसे विचारता येत नाही.

२००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या महापुरांनी पंचगंगाकाठाला बोटीची गरज पटवून दिली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. पाणी त्यापुढे चढू लागले की आंबेवाडी, प्रयाग चिखली यांसारख्या गावांत आणि खाली शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड, नृसिंहवाडी या भागात माणसे, जनावरे, दूध आणि औषधे यांची ने-आण बोटीवर येते. २०१९ चा पूर बकरी ईदच्या तोंडावर आला. ईद १२ ऑगस्टला होती. २०२१ मध्ये ईद २१ जुलैला झाली आणि लगेच पाणी चढले. दोन्ही वेळा ईदचा आठवडा पुराच्या मदतकार्यात गेला, हे आमच्या वाचकांना आठवत असेल.

या मोटरीची अडचण अशी की वर्षातले अकरा महिने ती गोदामात पडून असते आणि आठ-दहा दिवस तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. रोज चालणारे इंजिन सहसा दगा देत नाही. पडून राहिलेले इंजिन देते, आणि ते बहुधा पेट्रोलच्या बाजूने देते. ऐन प्रवाहात मोटर बंद पडली तर बोट आपल्या हातात राहत नाही. पाणी तिला पुलाच्या खांबाकडे, विजेच्या तारांकडे किंवा झाडाच्या फांद्यांकडे नेते. म्हणून हा विषय आम्ही व्यापार पानावर घेतला आहे. ही दुरुस्ती अवघड नाही, तिला मोठे भांडवल लागत नाही, आणि जिल्ह्यात ती जाणणारी माणसे हवी आहेत.

मोटरसायकल आणि ही मोटर यांत फरक काय?

ज्याने लुना, जुनी बजाज स्कूटर किंवा आरएक्स-१०० खोलली आहे त्याला टू-स्ट्रोक आउटबोर्ड परकी वाटायचे कारण नाही. तोच कार्बोरेटर, तोच फ्लोट, तसेच जेट आणि तोच प्लग. एक फरक मात्र मनात पक्का बसवला पाहिजे, कारण अर्धी विद्या त्यातच आहे. मोटरसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. बोटीत टाकी तळाशी ठेवलेली असते आणि कार्बोरेटर तिच्या वर असतो. पेट्रोल तेथे पडत नाही, ते ओढून वर न्यावे लागते.

याचा परिणाम पाहा. मोटरसायकलची नळी फुटली तर पेट्रोल ठिबकते, वास येतो, दोष डोळ्यांना दिसतो. बोटीच्या नळीला टाकीच्या बाजूला बारीक चीर गेली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. एक थेंब सांडत नाही, नळी वरून कोरडी आणि ठाकठीक दिसते, आणि इंजिन मात्र पाच मिनिटे चालून दम टाकते. मोटरसायकलच्या सवयीचा मिस्त्री मग सरळ कार्बोरेटर खोलून बसतो आणि दोष तेथे नसतो.

पेट्रोलची वाट अशी आहे. तळातली टाकी, तिच्या झाकणावर हवा आत घेण्याचा छोटा स्क्रू, टाकीत बुडालेली नळी आणि तिच्या टोकाची जाळी, तेथून रबरी पाईप, पाईपच्या मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा, ज्याच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने उघडणारे व्हॉल्व्ह असतात, मग मोटरीला जोडायचा कनेक्टर, आत फिल्टर, पडद्याचा पंप, आणि शेवटी कार्बोरेटर. टू-स्ट्रोक मोटरीत पंपाचा पडदा क्रँककेसमधील दाबाच्या चढउताराने हलतो. बहुतेक लहान फोर-स्ट्रोक मोटरींत त्याला कॅमचा धक्का मिळतो. तपासणी नेहमी टाकीकडून कार्बोरेटरकडे करत यावी, उलट करू नये.

खोलण्यापूर्वी

मोटर सुरू होत नाही अशी तक्रार आली की पहिल्यांदा लाल दोरीची क्लिप पाहावी. ही क्लिप चालकाच्या मनगटाला बांधलेली असते. तो पाण्यात पडला तर ती निघून इंजिन बंद व्हावे यासाठी. ती जागेवर नसेल तर दिवसभर रस्सी ओढली तरी मोटर सुरू होणार नाही. मोटर न्यूट्रलमध्ये आहे का, तेही पाहावे. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. गाडीतून नेताना तो बंद ठेवतात आणि पाण्यात उतरल्यावर उघडायला विसरतात. मोटर झकास सुरू होते, काही मिनिटे पळते, मग टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल येणे थांबते. झाकण सैल करताच ‘सूं’ असा आवाज आला तर दोष सापडला असे समजावे. एवढ्या कामाचे पैसे मागू नयेत; गिऱ्हाईक त्यानेच कायमचे जोडले जाते.

नंतर प्लग काढावा. भरपूर रस्सी ओढूनही तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर एकतर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी नाही. ठिणगी पाहताना प्लगचे भोक चिंधीने झाकावे, प्लग त्यापासून दूर इंजिनच्या लोखंडाला टेकवावा आणि आसपास पेट्रोलचे उघडे भांडे ठेवू नये. ठिणगी ठीक असेल आणि प्लग कोरडा, तर कार्बोरेटरच्या तोंडात मिश्रणाचे अगदी थोडे थेंब सोडून रस्सी ओढावी. तोंड बाजूला ठेवावे, कारण कधीकधी जाळ उलटा येतो. इंजिन दोन-चार सेकंद पेटून बंद पडले, तर इंजिन निरोगी आहे, फक्त त्याला पेट्रोल मिळत नाही.

यानंतरचा उपाय साधा आहे आणि आमच्या मते कोणत्याही पान्यापेक्षा मोलाचा आहे. दुकानात एक खात्रीची टाकी, खात्रीची नळी आणि ताजे पेट्रोल सदैव तयार ठेवावे. आजारी मोटरीला ती जोडावी. मोटर व्यवस्थित चालली तर दोष गिऱ्हाईकाच्या टाकीत किंवा नळीत आहे. नाही चालली तर दोष कनेक्टरच्या पुढे, मोटरीत आहे. पाच मिनिटांत निम्मा प्रदेश तपासातून बाद होतो. कनेक्टर मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे दोन-तीन प्रकारचे जवळ असावेत.

येथे एक सूचना. ही मोटर जमिनीवर कोरडी चालवू नये. तिच्या पाण्याच्या पंपातील रबरी पंखा पाण्यावाचून थोड्याच सेकंदांत खराब होऊ लागतो. दोनशे लिटरचे पिंप वरून कापून घ्यावे, मोटर मजबूत फळीला अडकवावी, पाणी शोषणारी भोके पूर्ण बुडतील एवढे पाणी भरावे आणि पंखा काढून ठेवावा. मोटर चालू असताना बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार आलीच पाहिजे. मोकळ्या हवेत काम करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि बोटीच्या तळाशी साचते. विडी तर दूरच, तेथे चालू बल्बसुद्धा नको.

रबरी फुगा काय सांगतो

वैद्य जशी नाडी पाहतो तसा मिस्त्रीने हा फुगा पाहावा. फुग्यावर बाण असतो, त्याचे टोक मोटरीकडे हवे. बाण उलटा बसवलेल्या नळ्याही आमच्या पाहण्यात आहेत. दाबताना फुगा उभा धरावा, मोटरीकडचे टोक वर. काही दाबांनंतर तो टणक झाला पाहिजे. टणक होऊन तसाच राहिला तर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत वाट भरली आहे.

कितीही दाबला तरी टणक होत नसेल तर तीन शक्यता आहेत. टाकीच्या बाजूला कोठेतरी हवा शिरते आहे. किंवा फुग्यातील व्हॉल्व्ह अडकला आहे, म्हणून पेट्रोल मागे टाकीत परत जाते. किंवा कार्बोरेटरमधील नीडल व्हॉल्व्ह बंद होत नाही, म्हणून पेट्रोल वाहतच राहते. तिसऱ्या प्रकारात कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल गळताना दिसते, त्यामुळे तो ओळखणे सोपे.

इंजिन चालू असताना फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर पंप ठीक आहे आणि वाट मागे बंद आहे : हवेचा स्क्रू, टाकीतील जाळी किंवा मुडपलेली नळी. याउलट इंजिन मरायला लागले, आपण फुगा दाबत राहिलो आणि ते पुन्हा पळू लागले, तर पंप अशक्त आहे किंवा हवा शिरते आहे. येथे आपला हात पंपाचे काम करतो. पुरात हा उपाय जीव वाचवू शकतो. एकाने मोटर हाकावी, दुसऱ्याने फुगा दाबत राहावे आणि बोट काठाला आणावी. प्रत्येक बोटवाल्याला एवढे शिकवून ठेवावे.

हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या असतात. कनेक्टरमधील ओ-रिंग वाळलेली असते, नळीवर क्लिपऐवजी तार पिळलेली असते, किंवा टाकीच्या तोंडाशी असलेल्या जोडाला चीर गेलेली असते. नळी नेहमी पेट्रोलसाठी बनवलेलीच घालावी. बागेत पाणी घालायची पारदर्शक नळी स्वस्त पडते, पण पेट्रोलने ती काही दिवसांत कडक होऊन तडकते. जुन्या नळीचा एक दोष फार फसवा असतो. आतले अस्तर सुटून त्याची जीभ तयार होते; मोटर हळू चालते तेव्हा पेट्रोल तिच्या बाजूने जाते, वेग वाढवला की जीभ उभी राहून वाट बंद करते. बाहेरून काहीच कळत नाही. शंका आली की नळी बदलून पाहावी, वाद घालू नये.

उसाचे पाणी टाकीत

आमच्या जिल्ह्याची आणि या मोटरीची गाठ आणखी एका ठिकाणी पडते. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशभरात सरासरी २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. ऊसवाल्या शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, आणि रोज चालणाऱ्या नव्या गाडीत ते तेथल्या तेथे जळून जाते. वर्षभर पडून राहणाऱ्या बोटीच्या टाकीची गोष्ट वेगळी आहे.

इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. त्याला पाण्याची ओढ असते. पावसाळी हवेतील ओल, उघड्या राहिलेल्या स्क्रूतून गेलेले पावसाचे थेंब, कॅनमधून ओतताना पडलेले पाणी, हे सगळे ते धरून ठेवते. काही मर्यादेपर्यंत पेट्रोल एकजीव दिसते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूला जाते आणि दोघे मिळून तळाशी बसतात. टाकीतील नळीचे टोक तळाशीच असते. म्हणजे मोटरीला पहिला घास जातो तो पाणी आणि अल्कोहोलचा. त्यावर इंजिन चालत नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये चालले तर अधिक वाईट. मिसळलेले ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहिलेले असते, खालच्या थरात ते नसल्यासारखेच. वंगणावाचून पिस्टन धरतो.

तपासणी अशी करावी. टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत काढावे आणि पंधरा-वीस मिनिटे हलवू नये. खाली वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर सगळी टाकी रिकामी करावी. ढवळून किंवा वर नवे पेट्रोल घालून ते पुन्हा एक होईल या भरवशावर राहू नये. वरचा थरही आता पूर्वीचे पेट्रोल नसतो; इथेनॉल गेल्यामुळे त्याचा कस उतरलेला असतो. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय आमच्या गॅरेजांत अजून आहे, ती सोडावी. हाताचा सायफन पंप स्वस्त असतो. काढलेले खराब पेट्रोल गटारीत ओतू नये. आपली गटारे शेवटी पंचगंगेलाच मिळतात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे पाहायचे असेल तर मापाच्या खुणा असलेली उंच काचेची नळी घ्यावी. त्यात २० मिलिलिटर पाणी आणि वर ८० मिलिलिटर पेट्रोल घालावे, बूच लावून हलवावे, मध्ये एकदा बूच सैल करून वाफ जाऊ द्यावी आणि स्थिर होऊ द्यावे. पाण्याचा थर २० वरून ३६ च्या आसपास आला, तर १६ मिलिलिटर इथेनॉल पाण्यात उतरले. ८० मधील १६ म्हणजे २० टक्के. हा अंदाज आहे, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. पण गिऱ्हाईकाला समोर दाखवावा असा आहे. अर्थात हे नमुना-पेट्रोल पुन्हा टाकीत जाता कामा नये.

इथेनॉल आणखी दोन गोष्टी करते. जुन्या टाकीत चिकटून बसलेला मळ ते सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. तसेच जुन्या जातीच्या रबराला ते फुगवते किंवा ठिसूळ करते. म्हणून जुन्या मोटरीत नळी, फुगा, ओ-रिंग आणि पंपाचा पडदा हे चारही इथेनॉलला टिकणारे आहेत का, याची खात्री करून बसवावे.

पंप आणि कार्बोरेटर

मोटरीच्या आत जायची वेळ आलीच तर आधी फिल्टरची वाटी काढावी. तळाला पाणी किंवा तांबूस गाळ असेल तर टाकी पुन्हा पाहावी. फिल्टर धुऊन टाकी तशीच ठेवली तर आठवड्याने तीच मोटर परत येते. पंप खोलताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढावा, कारण पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम चुकला तर पंप काम करत नाही. पडदा उजेडासमोर धरून भोक आहे का, तो कडक किंवा सुरकुतलेला आहे का हे पाहावे. छोट्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या सपाट बसल्या पाहिजेत. फोर-स्ट्रोक मोटरीत फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल इंजिन ऑईलमध्ये उतरू शकते. ऑईलची पातळी आपोआप वाढली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन चालवू नये. आधी पडदा, मग ऑईल बदलावे.

कार्बोरेटरच्या वाटीला खाली ड्रेन स्क्रू असतो. सगळा कार्बोरेटर उतरवण्यापूर्वी त्यातून पेट्रोल बरणीत घ्यावे. तेवढ्याने निदान होते. पाणी असेल तर ते दिसते, आणि जुने पेट्रोल असेल तर त्याचा रंग गडद आणि वास आंबट, वार्निशसारखा येतो. पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा हा चिकट थर जेटची भोके बुजवतो.

कोणता जेट बुजला आहे हे इंजिनच सांगते. चोक ओढला तरच चालते आणि हळू वेगात उभे राहत नाही, तर स्लो जेट. हळू छान चालते पण थ्रॉटल देताच घुसमटते, बोट पुढे सरकत नाही, तर मेन जेट. म्हणूनच पिंपात मोटर ठीक चालली एवढ्यावर काम संपत नाही. पिंपात तिच्यावर भार नसतो. शेवटची परीक्षा पाण्यात, माणसे बसवून, पूर्ण थ्रॉटलवर दहा-पंधरा मिनिटे, आणि तळ्याच्या मालकाची रीतसर परवानगी घेऊन.

जेट साफ करायला पोलादी तार वापरू नये. जेट पितळेचे असतात आणि त्यांच्या भोकाचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. तारेने भोक ओरखडले की ते माप कायमचे गेले. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेचा दाब मारावा, डोळ्यांवर चष्मा घालावा. रबरी भाग त्या आधी काढून ठेवावेत. हवा-पेट्रोलचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते मोजून लिहावे, म्हणजे परत तेथेच आणता येतो. फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खुळखुळले तर तो निकामी. नीडलच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर ती बदलावी. फ्लोटची उंची त्या त्या मोटरीच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवावी, नजरेने नाही.

अर्धवट बुजलेल्या जेटवर मोटर चालते आहे ना, मग राहू दे, असे कोणी म्हणाले तर त्याचे ऐकू नये. पेट्रोल कमी म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये ऑईलही कमी. उष्णता वाढते, वंगण घटते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. दोन तासांच्या सफाईचे काम मग बोअरिंगवर जाते. इंजेक्शनच्या नव्या मोटरी मात्र वेगळ्या आहेत. त्यांना दाबमापक आणि कंपनीचे यंत्र लागते. लहान दुकानाने त्यात हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मिश्रण आणि साठा

टू-स्ट्रोकचे मिश्रण बहुतेक मोटरींत ५० ला १ असते, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. १२ लिटरच्या टाकीला २४० मिलिलिटर. नवी मोटर रुळेपर्यंत सहसा दुप्पट ऑईल घालतात. तरी मोटरीवर लिहिलेले प्रमाणच खरे धरावे. ऑईल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे घ्यावे. मोटरसायकलचे टू-टी ऑईल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. पाण्याने थंड होणाऱ्या या मोटरीत त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. संकटात चालवावे, सवय करू नये.

पेट्रोल किती लागेल याचा हिशेब आधीच करावा. पूर्ण थ्रॉटलवर ४० अश्वशक्तीची मोटर तासाला अंदाजे १५ लिटर किंवा त्याहून जास्त पिते. २४ लिटरची टाकी म्हणजे फार तर दीड तास. आणि पुरात महामार्गावर पाणी आले की टँकर येत नाहीत, हे २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ रस्ता बंद झाला तेव्हा आपण पाहिले. साठा लागतो, पण मे महिन्यात भरून ठेवलेले कॅन ऑगस्टपर्यंत चांगले राहतील असे समजू नये. नियमात बसेल तेवढाच साठा, गच्च बंद, काठोकाठच्या थोडा खाली, सावलीत. ऑईल न मिसळता ठेवावा आणि दर महिन्याला गाडीत वापरून ताजा भरावा. ऑईल मिसळलेले पेट्रोल गाडीत चालत नाही, म्हणून ते लागेल तेव्हाच मिसळावे.

मोसम संपल्यावर नळी काढून, पिंपात, मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. उरलेले थेंब ड्रेन स्क्रूने काढावेत. टाकी रिकामी करून, सुकवून, झाकण लावून ठेवावी. आणि मे महिन्यात एकदा, मग पावसाळ्यात दर पंधरवड्याला, मोटर सुरू करून पाहावी. शक्य असल्यास हे काम वार्षिक करारावर घ्यावे. ग्रामपंचायती, नगरपालिकांचे अग्निशमन विभाग, मदत संस्था, तळ्यांवर नौकाविहार चालवणारे ठेकेदार, धरणांच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या सोसायट्या ही सगळी गिऱ्हाईके जिल्ह्यात आहेत. घाटाखाली रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांवर, जेथे आपले दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात, हे काम बारमाही असते. ज्या तरुणाला हात बसवायचा आहे त्याने एक मोसम तेथे उमेदवारी करावी. तेथे रॉकेलवर चालणाऱ्या मोटरीही पाहायला मिळतील. त्या पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्याव्या लागतात आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणाव्या लागतात; ते विसरले की दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर रॉकेलने भरलेला आणि रस्सी ओढणाऱ्याचा हात मोडलेला.

धंद्यातील सचोटीबद्दल येथे एक वाक्य लिहिणे भाग आहे. नापतोलात कमी करू नका हा हुकूम केवळ तराजूवाल्यांसाठी नाही. धुतलेला जेट नवा म्हणून बिलात लावणे ही लबाडी कोणत्याही दुरुस्तीत हरामच. पण ज्या मोटरीवर पुढे एखाद्या बाळंतिणीला पाण्यातून आणायचे आहे, तिची न केलेली चाचणी ‘केली’ म्हणून लिहिणे हे त्याहून भारी आहे. ती मोटर मिस्त्रीकडे अमानत असते.

पुरात मोटर बुडालीच तर वेळेला फार महत्त्व आहे. पाण्याबाहेर काढल्यावर हवा लागली की गंज सुरू होतो, म्हणून त्याच दिवशी काम करावे. स्वच्छ पाण्याने धुवावी, प्लग काढावेत, मोटर आडवी करून प्लगच्या भोकांतून पाणी निथळू द्यावे. रस्सी हळू ओढून पाहावी. अडकत असेल तर जोर लावू नये, आत गाळ किंवा वाकलेला दांडा असू शकतो. मोकळी फिरत असेल तर सिलिंडरमध्ये ऑईल घालून पुन्हा फिरवावी, टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करावेत, ताजे मिश्रण घालून तासभर चालवावी. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑईल आधी बदलावे, आणि चालवून झाल्यावर पुन्हा एकदा. चालू असताना बुडालेली मोटर मात्र खोलल्याशिवाय सुरू करू नये.

काम झाल्यावर टाकीच्या मुठीला एक पत्र्याची चकती तारेने बांधावी आणि तिच्यावर चार गोष्टी लिहाव्यात : मिश्रणाचे प्रमाण, पेट्रोल भरल्याची तारीख, प्लगचा नंबर आणि मोटर शेवटची चालवल्याची तारीख. बोटीत दोन वल्ही, एक लांब दोर, जास्तीचा प्लग, प्लगचा पाना आणि क्लिप असलेली दुसरी लाल दोरी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून द्यावी. चाचणीच्या दिवशी बोट चालवणाऱ्या दोघांना बोलवावे आणि त्यांच्याच हाताने नळी जोडून, फुगा दाबून, मोटर सुरू करून घ्यावी.